तार आणि कान

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. याची प्रचीती घ्यावयाची असेल, तर घरबसल्या उत्तम गाणे ऐकण्याचा नाद असलेल्या चार मंडळींच्या बैठकीत जाऊन बसावे. तबकडीवर गाणे लागलेले असते. परंतु चर्चा चालते ती गाण्याची नव्हे, तर ते ज्या यंत्रांतून बाहेर पडते त्या यंत्रांची. एकजण म्हणतो, "नवी तार जोडल्यापासून तंबोरा कसा जिवंत वाटतो!" दुसरा हसून विचारतो, "तंबोरा जिवंत झाला खरा, पण खिसा मेला त्याचे काय?" मग वाद पेटतो आणि गाणे संपले तरी तो विझत नाही. अशी मंडळी सर्व देशांत आहेत, आणि वादही सर्वत्र हाच आहे.

यात खरे कोणाचे, हे ठरविण्यापूर्वी तार म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. पिंपरीचे नाव तारेशी फार दिवसांपासून जोडलेले आहे. कराचीत जन्मलेल्या प्रल्हाद छाब्रिया यांनी 1958 साली पुण्यात फिनोलेक्स हा उद्योग आरंभिला. प्रारंभी तेथे मोटारगाड्यांना लागणाऱ्या विजेच्या तारा तयार होत. पुढे मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरी येथे या उद्योगाचा मोठा कारखाना उभा राहिला.

तार तयार होण्याची रीत मोठी मौजेची आहे. सुमारे 8 मिलिमीटर जाडीची तांब्याची सळई एका कठीण साच्याच्या छिद्रातून ओढतात. या साच्याला कामगार 'डाय' म्हणतात. पहिल्यापेक्षा दुसऱ्या डायचे छिद्र लहान, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याचे लहान. अशा रीतीने सळई बारीक होत जाते आणि जितकी बारीक होते तितकीच लांब होते. ओढून ओढून तांबे ताठर बनते, म्हणून त्याला तापवून पुन्हा मऊ करावे लागते. तार 0.2 मिलिमीटर जाडीची झाली, म्हणजे मूळ एक मीटर सळईची सोळाशे मीटर तार झालेली असते! मुलांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा. जाडी चाळिसाव्या हिश्शावर आली, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ चाळीस गुणिले चाळीस इतक्या पटीने घटले. अशा 32 तारा एकत्र पिळल्या, की सुमारे 1 चौरस मिलिमीटर छेदाची लवचिक तार मिळते. तिच्यावर पीव्हीसीचे आवरण चढविले, की काम झाले.

आता ही तार गाण्याच्या यंत्रात काय करते? ॲम्प्लिफायरमधून निघालेला विद्युत्प्रवाह गवयाच्या स्वराप्रमाणे पुढेमागे आंदोलत असतो. तो तारेतून स्पीकरमधील वेटोळ्यात जातो. वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात असल्यामुळे तेही पुढेमागे सरकते, त्याला चिकटलेला कागदी शंकू हवा हलवितो आणि आपल्याला स्वर ऐकू येतो. राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी 1925 साली पुढे आणलेली ही रचना आजही सर्रास वापरात आहे.

प्रत्येक तार प्रवाहाला थोडा अडथळा करते. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. स्पीकर ॲम्प्लिफायरपासून 5 मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून 10 मीटर तार लागते. वर सांगितलेल्या 1 चौरस मिलिमीटर तारेत तिचा रोध 0.17 ओहम भरतो. घरातील स्पीकरचा रोध बहुधा 8 ओहमच्या आसपास असतो. त्यापुढे हा अडथळा पन्नासाव्या हिश्शाइतका. कानाला तो सहसा जाणवत नाही. परंतु मांडवात 25 मीटरवर स्पीकर ठेवला आणि निम्म्या छेदाची, म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर रोध पावणेदोन ओहमच्या घरात जातो. मग आवाज दबतो. शिवाय स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसल्यामुळे काही स्वर अधिक दबतात, काही कमी. तेव्हा तारेने काहीच फरक पडत नाही, असे म्हणणाराही चुकतोच. सुईकडून येणारा प्रवाह तर इतका क्षीण असतो, की ती तार जाळीच्या आवरणाची नसेल तर घरातील विजेची घरघर गाण्यात मिसळते.

चांदीच्या तारेची मात्र थोरवी फार गायिली जाते. चांदीचा रोध तांब्यापेक्षा सुमारे पाचसहा टक्क्यांनीच कमी आहे. तेवढी उणीव तांब्याची तार किंचित जाड घेतली तरी भरून निघते. सोने तर या कामी तांब्याहून हलके! जोडणीच्या टोकांना त्याचा मुलामा देतात तो ते गंजत नाही म्हणून.

तरीही एखादा गृहस्थ म्हणेल, "हिशोब राहू द्या, मला फरक ऐकू येतो." त्याचे म्हणणे खोटे ठरविण्याचे कारण नाही, त्याची परीक्षा घ्यावी. एकाने पडद्याआड बसून नाणे उडवावे आणि छाप की काटा यावरून साधी अथवा महाग तार जोडावी. ऐकणाऱ्याने कोणती ते ओळखावे. दोन्ही वेळा आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज मनाला उगाच अधिक गोड वाटतो. दहापैकी पाच उत्तरे डोळे मिटून ठोकली तरी बरोबर येतात. नऊ येणे मात्र सहज घडत नाही. अशा परीक्षेला बसावयास पुष्कळ हौशी मंडळी राजी नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या खोलीत उघड्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर आहे, तेथे एक जाड सतरंजी आणि एक पडदा कोणत्याही तारेपेक्षा अधिक उपकार करतात.

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी 1990 साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 साली कोलकात्यात सुरू झाले. तेव्हा ध्वनिमुद्रणात विजेचा उपयोग होत नसे. गवई मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि तीनएक मिनिटांत राग आटोपावा लागे. तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते असे आपण मानतो, पण आरंभीच्या काळी ही गती सर्वत्र सारखी नव्हती. 74 फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी 78 फेऱ्यांनी वाजविली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, त्याची तानही घाईची वाटते, आणि शंभर वर्षांनंतर ऐकणारा त्यालाच त्याचा खरा आवाज समजतो. म्हणून जाणते संग्राहक तार बदलण्याआधी तंबोरा घेऊन बसतात आणि तबकडीची गती हळूहळू कमीजास्त करीत गवयाचा षड्ज शोधतात.