बाबा पदमनजींची यमुना
(द्वितीय वर्ष कला)

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना सरांनी फळ्यावर 'यमुनापर्यटन' हे नाव लिहिले, पुढे १८५७ हा आकडा टाकला, आणि 'मराठीतील पहिली कादंबरी' एवढे वहीत उतरवून आम्ही पुढे गेलो. परीक्षेला तेवढे पुरते. मी मात्र ते पुस्तक ग्रंथालयातून घरी नेले, कारण आईशी माझा एक वाद चालू होता.

आमचे घर ख्रिस्ती. घरात पुस्तके दोनच, पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक. मी कथा लिहितो हे आईला समजले तेव्हा ती म्हणाली, "गोष्ट म्हणजे खोटं. खोट्यानं देवाची सेवा कशी होणार?" प्रभूने सांगितलेल्या दाखल्यांतला उधळ्या मुलगा तरी कोणत्या गावचा होता, असे मी विचारले. त्यावर, "तू काय प्रभू आहेस?" असे उत्तर मिळाले!

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावच्या कासार कुटुंबात झाला. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांनी ही कादंबरी लिहिली. बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे मराठी रूपांतर त्याआधीच झाले होते. पण त्या ग्रंथातील माणसांना गुणदोषांचीच नावे आहेत. पदमनजींची यमुना आणि तिचा नवरा विनायक ही घरादारातली माणसे आहेत. दोघांच्या मनात ख्रिस्तावर श्रद्धा आहे, पण ती उघड बोलून दाखवता येत नाही. प्रवासात त्यांना विधवा भेटत जातात आणि आपापली हकिगत सांगतात. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ साली झालेला होता. पुढे विनायक मरतो, आणि जे दुसऱ्यांचे ऐकले ते यमुनेच्याच वाट्याला येते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर पुस्तकाचा बराच भाग कंटाळवाणा आहे. पात्रे बोलता बोलता एकदम उपदेशकासारखी बोलू लागतात आणि प्रतिपक्ष फार लवकर हरतो. लेखक तेथे घाईत आहे असे वाटते. (आमच्या वादविवाद स्पर्धेतही हे पाहायला मिळते.) विधवांच्या हकिगतींत मात्र ही घाई नाही. केशवपन, घरातले बोलणे, पोटाची आबाळ हे सारे तो थांबून ऐकतो. पदमनजींची श्रद्धा मला वादात दिसली नाही, या ऐकण्यात दिसली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली, तिची नायिकाही यमुनाच. हरिभाऊ ख्रिस्ती नव्हते, पण कुणी तरी आधी ऐकण्याची वाट पाडून ठेवली होती, असे मला वाटते.

आईला फारसे वाचता येत नाही, म्हणून रात्री जेवणानंतर मी मोठ्याने वाचत असे. मावशीही ऐकायला बसे. ती चोविसाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच असते. धर्मचर्चेची पाने आली की आई भांडी आवरायला उठे. वास्तविक त्या पानांत तिच्याच मनातले लिहिलेले होते. विधवांच्या गोष्टी सुरू झाल्या की परत येऊन बसे. मावशी तर जागची हलत नसे. मी थांबलो की विचारी, "पुढं काय झालं तिचं?"

शेवटी यमुना उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुन्हा लग्न करते. ते वाचून झाल्यावर मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्यात तर बंदी नव्हतीच. पण माझ्यासाठी कुणी विषयच काढला नाही."

आई काहीच बोलली नाही. सकाळी कॉलेजला निघालो तेव्हा तिने विचारले, ते पुस्तक आणखी आठवडाभर ठेवता येईल का?