वैशाखातला ट्रम्पेट

फेब्रुवारी लागला की वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या पट्ट्यात हळदीची काढणी सुरू होते. कंद उपटायचे, कुकरमध्ये शिजवायचे, उन्हात वाळवायचे, मग ढोलात फिरवून पॉलिश करायचे. हे काम एप्रिलपर्यंत पुरतं आणि नेमकी त्याच दिवसांत लगीनसराई तापते. हिंगोली जिल्ह्यातल्या बॅण्ड पार्ट्यांमध्ये फुंकणारे आणि बडवणारे हात बऱ्याचदा हळदीच्या, उसाच्या, गवंडीकामाच्या मजुरीतून मोकळे होऊन आलेले असतात. दिवसा पोतं उचलायचं आणि संध्याकाळी लाल कोट चढवून परण्याच्या, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीच्या, पुढे उभं राहायचं, असं त्यांचं वेळापत्रक असतं. बॅण्डवर वर्ष निघत नाही. लग्नाच्या तारखा संपल्या की कोणी सालगडी असतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात जातो.

म्हणजे हा वादक धंदेवाईक म्हणायचा की हौशी? पैसे घेतो, इसार घेतल्याशिवाय तारीख लिहीत नाही, म्हणून धंदेवाईक. पण घर चालतं ते दुसऱ्याच कामावर, आणि ट्रम्पेटवर पकड यायला जी वर्षं जातात त्यांची मजुरी कोणीच देत नाही. तेवढ्या वेळात दुसरं कुठलंही काम शिकून त्याने जास्त कमावलं असतं. तरीही पोरं शिकतात.

दिवसा राबून संध्याकाळी पितळ फुंकणारा हा माणूस जगात एकटा नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या कामगारांनी पितळी वाद्यांचे बॅण्ड काढले. यॉर्कशायरमधल्या एका गिरणीच्या आधाराने वाढलेला ब्लॅक डाइक बॅण्ड १८५५ पासून त्याच नावाने वाजतो आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३ साली या बॅण्डांच्या स्पर्धा सुरू झाल्या. तिथे वाद्याचा खर्च गिरणीमालक किंवा गावाची वर्गणी उचलायची. हिंगोलीत तो खर्च पार्टीच्या मालकाच्या, म्हणजे मास्तरच्या, डोक्यावर असतो, आणि मास्तर स्वतःही बहुतेक वेळा वादकच असतो.

निव्वळ हौसेने, बिनपैशाने पितळ फुंकणारे लोक महाराष्ट्रातही आहेत. मुक्तिफौजेचे (सॅल्व्हेशन आर्मीचे) लोक १८८२ साली मुंबईत उतरले आणि वाजतगाजत रस्त्यावर निघाले म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं. पुढे नगर जिल्ह्यात त्यांचं काम रुजलं. प्रार्थनेला बॅण्डची साथ, ही त्यांची जगभरची रीत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषातही वाजवणारे सगळे स्वयंसेवकच असतात. तिथे बिगूल ‘शंख’ होतो, ट्रम्पेट ‘तूर्य’ आणि युफोनियम ‘गोमुख’. शाळांच्या बिगूल पथकातली मुलं वेगळीच. पण मराठवाड्याच्या गावात पितळेचा आवाज पोचवला तो लग्नाच्या बॅण्डने.

हे पितळ मुळात छावणीतलं. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचं एक ठाणं होतं. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणारी ही फौज १९०३ साली हिंदुस्थानी लष्करात मिसळली, तोवर इथे घोडदळ आणि पायदळ नांदत होतं. कवायत, बिगूल आणि पलटणीचा बाजा ही अशा ठाण्यांची रोजची सवय. देशभर हेच घडलं: पलटणीतून सुटलेले वादक संस्थानिकांकडे गेले, तिथून शहरातल्या श्रीमंतांच्या वरातीत, आणि मग तालुक्यापर्यंत. मेरठच्या जली कोठी भागात १८८५ साली वाद्यांचा व्यापार उघडणारा नादिर अली हा लष्करातला बॅण्डमास्टरच होता. आधी त्याच्याकडे विलायती माल यायचा, पुढे कारखाना निघाला. आज मराठवाड्यातल्या पार्टीच्या हातात जे वाद्य दिसतं ते बहुधा मेरठचं असतं. ते काही हजारांत येतं, आणि जपानी बनावटीच्या ट्रम्पेटला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. फरक बटनांत कळतो. मेरठच्या वाद्याचं बटन दोन मोसमांत सैल पडतं, त्यातून हवा निसटते आणि वरचा सूर धरायला छाती जास्त लागते.

ट्रम्पेटची गंमत त्याच्या अपुरेपणात आहे. पेटीला प्रत्येक सुराची वेगळी पट्टी असते. ट्रम्पेटला बटनं तीनच. साधारण दीड मीटर लांबीची पितळी नळी वळवून वळवून हातात मावेल अशी केलेली. एकही बटन न दाबता, नुसते ओठ आवळत-सैल करत फुंकलं तर तिच्यातून सा, प, वरचा सा, मग ग आणि प असे ठरावीकच सूर निघतात. बिगुलाचं सगळं राज्य एवढ्यावरच चालतं, म्हणून झेंडावंदनाच्या बिगुलात रे-ध कधी ऐकू येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बटनांची युक्ती निघाली आणि मधल्या जागा भरल्या. दुसरं बटन दाबलं की नळी थोडी लांबते आणि सूर अर्धा उतरतो. पहिल्याने एक सूर उतरतो, तिसऱ्याने दीड.

आता शुद्ध सप्तक वाजवायचं तर: सा मोकळा. रे ला पहिलं आणि तिसरं. ग ला पहिलं आणि दुसरं. म ला पहिलं. प पुन्हा मोकळा. ध ला तेच पहिलं आणि दुसरं, जे ग ला होतं. नी ला दुसरं. सा मोकळा. सूर सात, पण बोटांच्या ठेवणी पाचच. ग आणि ध यांत बोटांना काहीच फरक करता येत नाही, तो ओठांनी करायचा. नवशिक्या पोराला हे सांगून समजत नाही. बोटं बरोबर असतात आणि सूर भलताच निघतो. शिवाय पहिलं-तिसरं एकत्र दाबलं की सूर जरा चढाच लागतो, म्हणजे रे कायम संशयित. चांगला वादक तिसऱ्या बटनाची नळी करंगळीशेजारच्या बोटाने किंचित बाहेर सरकवून तो खाली आणतो. मेरठच्या जुन्या वाद्यात ही नळी अडकलेली असली तर तेही ओठांवर येतं.

बॅण्डमधला ट्रम्पेट, क्लॅरोनेट आणि युफोनियम या तिघांचा सा पेटीच्या काळी पाचवर बसतो. त्यामुळे पार्टीचं घर काळी पाच. मूळ गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, ते बहुतेकदा इथे किंवा शेजारच्या सोयीच्या सुरात आणून ठेवलं जातं. चाल सगळे मिळून एकच वाजवतात. क्लॅरोनेट वर, ट्रम्पेट मधे, युफोनियम एक सप्तक खाली. विलायती बॅण्डात युफोनियम बराच वेळ साथीचे सूर धरून असतो, इथे तो गाणं गातो. वेगवेगळे सूर एकत्र रचून भरणा करायचा, हा प्रकार इथल्या कानांनी फारसा घेतला नाही, आणि त्यात काही बिघडलंही नाही. उघड्या रस्त्यावर, फटाके आणि जनरेटरच्या आवाजात, एकच चाल तीन सप्तकांत वाजली तर ती चौथ्या गल्लीत ओळखू येते.

शिकणं सगळं कानाने. पूर्वी रेडिओ, मग कॅसेट, आता मोबाइल. एक जण चाल बसवतो, बाकीचे त्याच्या मागून उचलतात. भारतीय गाण्यातली मींड हे ट्रम्पेटवर अवघड काम, कारण बटन दाबलं की सूर पायरीने उतरतो, घसरत नाही. यावर वादकांनी काढलेला तोडगा म्हणजे बटन अर्धंच दाबायचं आणि ओठांनी सूर ओढून न्यायचा. आवाज क्षणभर घोगरा होतो, पण चाल जिवंत वाटते. संगीत विद्यालयात हे कोणी शिकवत नाही. पुण्यात प्रभात, दरबार यांसारख्या बॅण्डांनी नाट्यगीतं आणि रागदारी पितळेवर आणून मिरवणुकीत लोकांना उभं राहून ऐकायला लावलं, त्यामागे असाच अंगवळणी पडलेला रियाज होता.

सिनेमानेच या वादकांना खुराक पुरवला, आणि सिनेमात तो आवाज आणणारेही आपल्याच बाजूचे. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तो पडद्यावरही दिसतो. ‘नागिन’ (१९५४) मधली पुंगी पुंगी नव्हतीच, कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. गेली सत्तर वर्षं मराठवाड्यातला क्लॅरोनेटवाला त्या विजेच्या वाद्याची नक्कल फुंकीने करतो आहे आणि नवरदेवाचे मित्र रुमाल दातात धरून जमिनीवर लोळत आहेत. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्यातलं ‘झिंगाट’ त्या मोसमात हिंगोलीच्या प्रत्येक पार्टीला यावंच लागलं. ज्याला ते येत नव्हतं त्याची तारीख गेली.

वैशाखात इथला पारा चाळिशी ओलांडतो. पितळ उन्हात तापतं, आतली हवा तापते आणि सूर वर चढतो. त्यासाठी मुख्य नळी बाहेर ओढून वाद्य उतरवावं लागतं. सोबत कीबोर्ड असला तर आणखी पंचाईत, कारण कीबोर्डला ऊन लागत नाही. परण्या मारुतीच्या पारावर जाऊन मांडवात यायला कधी दोन तास, कधी चार. इतका वेळ ओठ टिकत नाहीत. ते सुजतात, बधिर होतात आणि मग वरचा सा फुटतो. म्हणून मुखडा क्लॅरोनेटने घ्यायचा, अंतरा ट्रम्पेटने, मधे ढोल आणि साइड ड्रमला मोकळं सोडायचं, अशी वाटणी केलेली असते. ऐकणाऱ्याला ती रचना वाटते, फुंकणाऱ्याला तो श्वास घ्यायचा वेळ असतो. चातुर्मासात लग्नं थांबली आणि महिनाभर वाद्य हातात घेतलं नाही तर ओठांची ही ताकद उतरते. अण्णाभाऊ साठे जयंती १ ऑगस्टला, पाठोपाठ गणपती, मग नवरात्र आणि हिंगोलीचा दसरा. खाकीबाबा मठाच्या परंपरेतला हा दसरा १८५५ पासून चालत आल्याचं सांगतात आणि त्याला पंचक्रोशी लोटते. या कामांनी मोसमाबाहेरही ओठ शाबूत राहतात.

अण्णाभाऊंची जयंती इथे सहज आली नाही. हलगी, डफडं, सनई वाजवण्याचं काम गावगाड्यात जातीने ठरलेलं होतं आणि मराठवाड्यात ते मुख्यतः मातंग समाजाच्या, म्हणजे अण्णाभाऊंच्याच समाजाच्या, वाट्याला आलं. लग्न असो की देवाची पालखी, बोलावलं की जायचं आणि दिलं ते धान्य घ्यायचं. बॅण्ड पार्टीतही या समाजाचे वादक मोठ्या संख्येने आहेत, सोबत मुस्लिम आहेत, इतरही आहेत. पण व्यवहार बदलला. दर ठरतो, इसार आधी, गाडीभाडं वेगळं, जेवण कधी ते बोलून घेतलं जातं. झालरीचा कोट आणि टोपी पाहून शहरी माणसाला हसू येतं. ज्याच्या आजोबाने मांडवाबाहेर उभं राहून डफडं वाजवलं, त्याला त्या कोटाचं काय वाटत असेल हे हसण्यासारखं नाही. अर्थात कोटाने सगळं पुसलं जातं असंही नाही. शेवटच्या पंगतीपर्यंत बॅण्डवाल्यांना ताटकळत ठेवणारी लग्नं अजून होतात.

बॅण्ड संपला, डीजेने गिळला, असं सरसकट बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. डीजेच्या आधीच बेंजो पार्टी आली: एका गाड्यावर कर्णे, विजेचा बेंजो, कीबोर्ड, तडतडता ताशा. माणसं कमी, आवाज जास्त. डीजेने तोही गाडा मागे टाकला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. गावच्या वरातीत हा आकडा पहिल्याच गाण्याला मागे पडतो. या सगळ्यात ढोल, ताशा आणि साइड तगले, कारण नाचायला चामड्याचा ठोका लागतोच. गळती लागली ती फुंकीच्या वाद्यांना. आधी युफोनियम गेला, कारण तो जड आणि त्याचं काम कीबोर्डचं एक बटन करतं. मग क्लॅरोनेट. ट्रम्पेट एखादा उरतो, तोही पुष्कळदा माइक लावून. २०२० ची लगीनसराई टाळेबंदीत गेली आणि पन्नास माणसांच्या लग्नात बॅण्डला जागाच नव्हती. अनेक पार्ट्यांनी तेव्हा पितळ विकलं. ढोल नंतर पुन्हा घेता आले. पण दोन वर्षं न फुंकलेल्या माणसाला नवं वाद्य आणून दिलं तरी वरचा सा लगेच लागत नाही.

शिकणाऱ्या पोरांपुढे एक दरवाजा मात्र उघडा आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत शिपाई आणि चालक यांच्यासोबत बॅण्डस्मन अशी वेगळी जागा निघते. जागा थोड्या असतात, पण पगार दरमहा आणि निवृत्तीपर्यंत. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट आहे, त्यामुळे पोलिसी कवायत इथल्या मुलांना परकी नाही. लग्नात चार मोसम घासलेला मुलगा धावण्याची आणि लेखी परीक्षेची तयारी करतो. निवड झाली तर त्याला नव्याने शिकावं लागतं ते पाच रेघांवरचं नोटेशन, कारण पोलीस बॅण्ड कागद पाहून वाजवतो आणि तिथे युफोनियमची ओळ ट्रम्पेटच्या ओळीहून वेगळी असते. कानाने शेकडो गाणी पाठ असलेल्या मुलाला सुरुवातीला ‘जन गण मन’सुद्धा सूर मोजत वाजवावं लागतं.