विश्लेषण : घुबडाच्या ‘त्या’ फोटोसाठी बर्फावर उंदीर कोणी टाकला?

पांढराशुभ्र बर्फ, मागे धूसर जंगल आणि पंख पूर्ण पसरून थेट कॅमेऱ्याकडे येणारे मोठे राखाडी घुबड. पिवळे डोळे लेन्सवर रोखलेले. दर हिवाळ्यात असे फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर येतात आणि हजारो लाइक्स मिळवतात. यातले काही फोटो तासन्‌तास थंडीत उभे राहून मिळवलेले असतात. काहींच्या चौकटीबाहेर मात्र पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेला जिवंत उंदीर असतो. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात यावरून पक्षिनिरीक्षक आणि छायाचित्रकार यांच्यात गेली अनेक वर्षे वाद सुरू आहे.

हे पक्षी कुठे दिसतात?

अलास्का, कॅनडापासून फिनलंड, रशियापर्यंत पृथ्वीच्या उत्तर भागात सूचिपर्णी वृक्षांचा एक प्रचंड पट्टा आहे. स्प्रूस, पाइन, बर्च आणि अधूनमधून दलदल असे हे ‘बोरियल’ जंगल. ग्रेट ग्रे आउल, दिवसाही शिकार करणारे नॉर्दर्न हॉक आउल, मुठीएवढे वाटणारे बोरियल आउल आणि चिकडी, सायबेरियन जे, रेडपोल असे लहान पक्षी इथलेच. छायाचित्रकारांची दोन आवडती ठिकाणे म्हणजे फिनलंडमधील कुसामो-कुह्मो परिसर आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सॅक्स-झिम बॉग. डुलुथ शहराच्या वायव्येला असलेली ही दलदल सुमारे ३०० चौरस मैलांची आहे. रस्ते सरळ, रहदारी कमी, त्यामुळे गाडीतूनच घुबड दिसण्याची शक्यता बरी. तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरते.

ही घुबडे मुख्यतः व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरांवर जगतात. व्होलची संख्या साधारण तीन ते पाच वर्षांच्या चक्रात वाढते आणि कोसळते. ती कोसळली की घुबडे दक्षिणेकडे सरकतात. २००४-०५ च्या हिवाळ्यात एकट्या मिनेसोटात ५ हजारांहून अधिक ग्रेट ग्रे आउल मोजले गेले. छायाचित्रकारांसाठी ती पर्वणी होती, घुबडांसाठी उपासमारीतले स्थलांतर. त्यातली कित्येक रस्त्यांवर गाड्यांच्या धडकेत मेली.

घुबड खरोखर शिकार कशी करते?

वादाची किल्ली इथे आहे. ग्रेट ग्रे आउल दिसायला अवाढव्य, पंखांचा विस्तार दीड मीटरपर्यंत. पण वजन साधारण किलोभर. बाकी सगळी पिसे. दोन कानांची छिद्रे एका पातळीत नसतात आणि चेहऱ्याची थाळी डिश अँटेनासारखी आवाज गोळा करते. सुमारे अर्धा मीटर बर्फाखाली धावणारा व्होल त्याला न दिसता ‘ऐकू’ येतो.

बर्फ मात्र आवाजाला चकवतो. वरच्या पट्टीचे आवाज शोषून घेतो, खालच्या पट्टीचे जाऊ देतो आणि जाताना त्यांची दिशाही वाकवतो. पाण्यातली काठी वाकडी दिसते, तसाच प्रकार. त्यामुळे तिरक्या कोनातून ऐकले तर व्होल जिथे नाही तिथे असल्याचे भासते. कॅनडातील मॅनिटोबात झालेल्या प्रयोगांवर आधारित २०२२ मधील संशोधनाने दाखवले की, म्हणूनच हे घुबड भक्ष्याच्या बरोबर वर येऊन क्षणभर हवेत तरंगते. डोक्यावरून ऐकले की चूक सर्वांत कमी होते. मग पाय पुढे करून सरळ खाली झडप.

म्हणजे बर्फाखालच्या व्होलमागे असलेल्या घुबडाचा चेहरा बहुतेक वेळा खाली, बर्फाकडे असतो. घुबड जमिनीलगत, लेन्सच्या रोखाने, डोळे लेन्सच्या जरा खाली रोखून येत असेल आणि एकाच छायाचित्रकाराकडे असे डझनभर फोटो असतील, तर शंका घ्यायला जागा आहे. हा पुरावा नव्हे, कारण क्वचित हे नैसर्गिकरीत्याही घडते. पण मोकळ्या बर्फावर, माणसांच्या घोळक्यासमोर, भरदिवसा उंदीर आपण होऊन फिरत नाहीत.

उंदीर टाकला तर बिघडते काय?

टाकणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की घुबड उपाशी आहे, एक उंदीर मिळाला तर त्याचे भलेच. शिवाय दाणे टाकून चिकडीचे फोटो काढलेले चालतात, मग घुबडालाच वेगळा नियम का?

प्रश्न रास्त आहे. चिकडी जेमतेम १०-१२ ग्रॅमची. कडाक्याच्या रात्री ती शरीराचे तापमान सुमारे १० अंशांनी उतरवून ऊर्जा वाचवते. सकाळी तिला लगेच खायला लागते. दाण्यांचा आधार तिला खरा असतो, आणि फीडर योग्य जागी असेल तर ती रस्त्यावर येत नाही. तरीही फीडर निर्धोक नाहीत. २०२०-२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम भागात पाइन सिस्किन पक्ष्यांमध्ये साल्मोनेलाची साथ पसरली, तेव्हा लोकांना फीडर काढून ठेवण्याचे आवाहन करावे लागले होते.

घुबडाच्या बाबतीत फरक जागेचा आणि सवयीचा आहे. छायाचित्रकार उंदीर टाकतो तो रस्त्याकडेला, कारण त्याची गाडी तिथे असते. ग्रेट ग्रे आउल मुळातच माणसाला फारसे बुजत नाही. थांबलेली गाडी म्हणजे अन्न, हे एकदा डोक्यात बसले की ते रस्त्यावरच घुटमळते आणि पुढच्या गाडीचा चालक छायाचित्रकार असेलच असे नाही. फोटोसाठी काही झेपा घ्यायला लावून उंदीर शेवटी न देण्याचेही प्रकार होतात. तेव्हा ‘आम्ही खायला घालतो’ हा दावा टिकत नाही.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धा जिवंत आमिष वापरलेले फोटो स्वीकारत नाही. अमेरिकेतील ऑडुबॉन संस्थेची भूमिकाही तशीच आहे. समाजमाध्यमांवर मात्र परीक्षक नसतो.

मग आमिषाशिवाय फोटो कसा मिळतो?

लहान पक्ष्यांचे ऐकून. एखाद्या झाडाभोवती चिकडी गोळा होऊन कलकलाट करत असतील, तर आत घुबड झोपलेले असण्याची शक्यता असते. तिच्या ‘चिक-अ-डी’ या हाकेतल्या ‘डी’ची संख्या धोक्यानुसार बदलते, हे २००५ मधील अभ्यासात दिसले. गंमत म्हणजे मोठ्या घुबडापेक्षा चपळ, छोट्या पिग्मी आउलसाठी ‘डी’ जास्त लागतात. चिकडीला खरा धोका त्याचाच. मात्र बोरियल आउल दिवसा झोपते. त्याच्याभोवती माणसांची गर्दी झाली, तर त्याची विश्रांती जाते आणि लपण्याची जागाही उघडी पडते. दोन-चार फोटो आणि परत, एवढेच.

तंत्राचे थोडे. बर्फाच्या पांढरेपणाने कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि फोटो करडा येतो. म्हणून एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवावा लागतो. घुबडाच्या उड्डाणाला सेकंदाचा १/२००० भाग पुरतो, फुदकणाऱ्या चिकडीला त्याहून वेगवान शटर बरा. गाडीत हीटर लावून खिडकीतून टिपले, तर गरम-थंड हवेच्या थरथरीने चित्र मऊ येते आणि दोष उगाच लेन्सला दिला जातो. थंडीत बॅटरी लवकर दम सोडते, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. घरात शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घातला नाही, तर लेन्सवर दव साचते.

आपल्याकडे संबंध काय?

महाराष्ट्राकडेही दिवसा वावरणारे, जगभरातून लोक पाहायला येतात असे घुबड आहे : रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. १९१४ चा एक नमुना गुजरातमधला म्हणून संग्रहालयात होता, पण तो चोरून, चिठ्ठी बदलून ठेवलेला जुनाच नमुना असल्याचे पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघड झाले. खोट्या नोंदीचा माग सोडून त्यांच्या पथकाने शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या जंगलात रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा दिसला.

आज मेळघाटसह मोजक्या जंगलांत तो टिकून आहे. इथे उंदरापेक्षा मोबाइलवरील ध्वनिमुद्रित हाकेची भीती जास्त. ती ऐकून पक्षी हद्दीत घुसखोर आला असे समजून समोर येतो, खाणे आणि पिल्ले सोडून. ‘ई-बर्ड’सारखे संकेतस्थळ संवेदनशील ठरवलेल्या प्रजातींची नेमकी जागा लपवते, पण मोबाइलचे लोकेशन सुरू ठेवून काढलेल्या फोटोत ती जागा नोंदलेली असते आणि मूळ फाइल पुढे पाठवली की तीही सोबत जाते.