टाकीखालची वीतभर नळी

शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात जुनी स्कूटर आली, की जाणता मेस्त्री आधी टाकीखाली हात घालतो. पेट्रोलची नळी चिमटीत धरून वाकवतो. धडकी नळी लवते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. थकलेली हाताला कडक लागते, वाकवताना बाहेरच्या अंगाला केसासारख्या भेगा उघडतात. क्लॅम्पपाशी ओल दिसली, तर मग गाडी त्याच दिवशी खोलायची. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको.

ऑइल इंजिनं आणि बिडाचं ओतकाम यांवर वाढलेल्या या गावाला लोखंडाची पारख चांगली आहे. रबराची तेवढी होत नाही, कारण सगळ्या नळ्या दिसायला काळ्याच. रेडिएटरची नळी बहुधा ईपीडीएम रबराची असते. ती गरम पाणी वर्षानुवर्षं सोसते, पण पेट्रोल लागलं की फुगून मऊ पडते. आतलं पेट्रोल दिसतं म्हणून पारदर्शक पीव्हीसी नळी अनेकांना आवडते. तिला लवचिक ठेवणारं द्रव्य पेट्रोल ओढून घेतं. नळी पिवळी पडते आणि काडीसारखी मोडते. सिलिकॉनची नळी उष्णतेला टिकते, पण तिच्या अंगातून पेट्रोल झिरपतं.

पेट्रोलला लागते ती आतून नायट्राइलसारखं पेट्रोलला दाद न देणारं रबर, मध्ये धाग्याची वीण आणि वर ऊन-उष्णता सोसणारं आवरण असलेली नळी. तिच्या अंगावरची छपाई वाचावी. ‘एसएई जे३० आर७’ ही कार्बोरेटरच्या गाडीसाठी, ‘आर९’ इंजेक्शनसाठी. फुटावर कापून मिळणारी बिनछाप नळी कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आर७ आणि आर९ यांतला फरक दाबाचा आहे. कार्बोरेटरच्या दुचाकीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानंच उतरतं, नळीवर जोर जवळपास नसतोच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाक्यांतही इंजेक्शन आलं. टाकीतला पंप साधारण ३ बार दाबानं पेट्रोल ढकलतो. मोटारीच्या टायरमधली हवासुद्धा यापेक्षा कमी दाबाची असते. अशी नळी चिरली तर पेट्रोल ठिबकत नाही, तापलेल्या इंजिनावर फवारा उडतो. अनेक नव्या गाड्यांत तर नायलॉनची नळी आणि खटक्याचे जोड असतात. ती कापून मध्ये रबराचा तुकडा जोडण्याचा शहाणपणा करू नये, कंपनीचीच नळी आणावी.

त्यात आता आपल्याच उसाची भर पडली आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं. २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं. ऊस पिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. पण इथेनॉल जुन्या रबरात शिरून ते फुगवतं आणि हवेतलं पाणीही ओढतं. नळीचे सुटलेले काळे कण फिल्टरमध्ये, तिथून जेटमध्ये जाऊन बसतात. गाडी चढाला दम टाकते आणि आपण प्लग बदलत बसतो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग २० टक्क्यांना टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीला नळी घेताना ‘इथेनॉलला चालते का?’ हे दुकानदाराला विचारावंच. फ्लोरोइलॅस्टोमरचं अस्तर असलेली महाग पडते, पण ती सगळ्यांत टिकाऊ.

चांगली नळीही वाईट क्लॅम्पनं वाया जाते. खाचांच्या पट्टीचा क्लॅम्प बारीक नळीच्या रबरात रुततो. आतून गुळगुळीत, कडा वळवलेला घ्यावा. नळीचं आतलं माप तोटीशी नीट जुळावं, ती ताणून बसवू नये, सायलेन्सरला टेकू देऊ नये आणि इंजिन हादरेल तेवढी ढील ठेवावी.

पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलायला सांगाल, तेव्हा टाकीखालची नळीही वाकवून दाखवायला सांगा.