कोगनोळीचा नाका

माझ्या आत्याबाई निपाणीच्या. कोल्हापुराहून निपाणी म्हणजे तासाभराची वाट. सकाळी निघावे आणि दुपारी त्यांच्याकडे पानावर बसावे, असा आमच्या घरचा शिरस्ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी-बेळगावचा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तरी लग्नाला, बारशाला वा खांदा द्यायला जाताना सरहद्द कधी आडवी आली नाही. ती आली २०२१ च्या श्रावणात.

करोनाचे दिवस. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरणाऱ्यास बहात्तर तासांच्या आतला तपासणीचा दाखला लागे. आत्याबाई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा माझा दाखला यायचा होता. तसाच निघालो. कोगनोळीच्या नाक्यावरचा शिपाई सभ्य होता. त्याने हात जोडले, वाट दिली नाही. मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी दाखल्याआधी आत्याबाई गेल्याचा निरोप आला. घरात मृत्यू झालेल्यास सवलत होती. नाक्यावर स्वॅब दिला आणि मला सोडले.

आत्याबाई आपल्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या प्लेगच्या हकिगती सांगत. घरात उंदीर पडला की चूल विझवायची आणि मुलाबाळांसह माळावर झोपडीत राहायला जायचे. १८९६ साली मुंबईत उठलेली ती साथ दोनच वर्षांत बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोचली. सरकारने १८९७ साली साथरोगांचा कायदा केला; स्टेशनास्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात घरझडत्यांनी लोक किती चिडले, हे रँडच्या खुनाने साऱ्या जगाला कळले. मात्र प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले ते १८९८ साली. उतारूची काखबगल तपासली जाई आणि त्याच गाडीतल्या धान्याच्या पोत्यांतून उंदीर-पिसवा बिनबोभाट पुढे जात. माळावर गेलेली माणसे वाचत, कारण ती उंदरांपासून दूर गेलेली असत.

करोनाची गोष्ट निराळी. तो माणसाच्या श्वासातूनच पसरतो. ताप नसलेला धडधाकट माणूसही तो गावोगाव नेतो. म्हणून नाक्यावर माणूस अडवणे चुकीचे होते, असे मी म्हणत नाही. मीच तो रोग घेऊन त्या घरात शिरलो नसतो कशावरून? आणि करोनातही वापरला गेला तो १८९७ चाच कायदा.

पण एक फरक मनातून जात नाही. माळावर जाताना घर एकत्र जाई. म्हाताऱ्या माणसालाही बैलगाडीत घालून नेत. निर्बंध जाचक होता, पण त्यात माणसाजवळ माणूस होते. नाक्याने आमचे एक घर दोन राज्यांत वाटले. जो स्वॅब मेल्यावर चालला, तो आदल्या दिवशी चालला असता, तर पाच हात दूर राहून का होईना, मी आत्याबाईंना हाक मारली असती.

साथीची वाट जरूर अडवावी. शेवटच्या भेटीची वाट मात्र राखून ठेवावी.