शेततळ्याचा नकाशा व कागदावरील प्रमाण

शेततळ्याचे काम बहुधा तीन निरनिराळ्या हातांनी पार पडते. आराखडा संगणकावर तयार होतो, खोदाई पोकलेनचालक करतो आणि तळाशी व उतारांवर अंथरावयाचे प्लॅस्टिक अस्तर विक्रेता मापाप्रमाणे जोडून देतो. या तिघांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे नकाशाचा कागद होय. त्या कागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण १:२००’ असे लिहिलेले असते व त्यावर विसंबून कित्येकजण फूटपट्टी लावून मापे काढतात. परंतु कोपऱ्यात प्रमाण लिहिले आहे म्हणून चित्रही त्याच प्रमाणात छापले गेले आहे, असे समजणे धोक्याचे आहे.

प्रमाण कोठे ठरते?

१:२०० या प्रमाणाचा अर्थ असा की, कागदावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील २०० सेंटिमीटर, म्हणजेच २ मीटर. ३० मीटर लांबीची बाजू या प्रमाणात कागदावर बरोबर १५ सेंटिमीटर भरली पाहिजे.

पूर्वी रेखाकार ट्रेसिंगच्या कागदावर पट्टीने मोजून नकाशा काढीत असे. त्याची निळी प्रत मूळ नकाशा रसायन लावलेल्या कागदाला भिडवून काढली जाई, त्यामुळे प्रत मुळाएवढीच येई. नकाशावर पट्टी ठेवून माप घेण्याची सवय त्या काळातील आहे व त्या काळी ती फारशी नडत नसे.

संगणकावरील रेखाटनाची रीत निराळी आहे. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत तळे पूर्ण आकारात रेखाटले जाते. ३० मीटरची बाजू तेथे ३० मीटरचीच असते, ती कोणत्याही प्रमाणात लहान केलेली नसते. नकाशाला कागदावरील प्रमाण प्राप्त होते ते छपाईची व्यवस्था करताना. यास्तव छपाई हा रेखाटनाचाच अखेरचा भाग आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

चूक कशी शिरते?

पहिले कारण एककाचे. रेखाटन मिलिमीटरमध्ये केले असल्यास १:२०० साठी कागदावरील १ मिलिमीटरला रेखाटनातील २०० एकके धरावी लागतात. रेखाटन मीटरमध्ये केले असल्यास १ एककाला कागदावर ५ मिलिमीटर द्यावे लागतात. या दोहोंत गल्लत झाली तर तळे कागदावर ठिपक्याएवढे उमटते. ही चूक मोठी असल्याने ती तत्काळ ध्यानात येते व म्हणून तिच्यापासून फारसे नुकसान होत नाही.

दुसरे कारण ‘फिट टू पेपर’ या सोयीचे. ही खूण केलेली असली म्हणजे संगणक सांगितलेले प्रमाण बाजूस सारून चित्र कागदावर मावेल एवढे लहान किंवा मोठे करतो. नकाशा डोळ्यांना सुबक दिसतो, मात्र त्याचे प्रमाण १:२०० न राहता १:१८७ किंवा १:२१३ असे काहीही होऊन बसते.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. नकाशा योग्य प्रमाणात पीडीएफ स्वरूपात तयार होतो व तालुक्याच्या गावी एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात छापला जातो. तेथील यंत्राची मांडणी पुष्कळदा ए४ ऐवजी लेटर कागदाची असते. ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब, तर लेटर कागद सुमारे २७९ मिलिमीटर लांब असतो. संपूर्ण पान लेटरच्या लांबीत बसविताना चित्र सुमारे ९४ टक्के होते. एवढा फरक नुसत्या नजरेस कळत नाही. ए३ आकाराचा नकाशा ए४ कागदावर छापल्यास तर चित्र सुमारे ७१ टक्के होते व १:२०० चे प्रमाण १:२८३ होते. या सर्व प्रकारांत कोपऱ्यातील ‘१:२००’ ही अक्षरे मात्र जशीच्या तशी राहतात.

सहा टक्क्यांची किंमत

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे तळे उदाहरणादाखल घेऊ. २०१६ साली राज्यात सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतील हे सर्वांत मोठे आकारमान होते. बाजूंचा उतार १:१ धरल्यास तळाची बाजू २४ मीटर येते आणि तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लक्ष लिटर पाणी मावते.

आता अस्तराचा हिशेब पाहू. प्रत्येक उताराची तिरपी लांबी ४.२४ मीटर आहे. तळाचे २४ मीटर व दोन उतारांचे ८.४८ मीटर मिळून काठापासून काठापर्यंत ३२.४८ मीटर होतात. काठावरील चरात अस्तर पुरण्यासाठी दोन्ही बाजूंस एकेक मीटर धरल्यास अस्तराची बाजू ३४.४८ मीटर असावयास हवी. १:२०० प्रमाणाच्या छेदचित्रात अस्तराची ही मोडती रेघ १७.२४ सेंटिमीटर भरेल. पण नकाशा ९४ टक्के छापला गेला असेल, तर ती १६.२ सेंटिमीटरच भरेल. तिला २०० ने गुणून मागणी नोंदविल्यास ३२.४० मीटर बाजूचे अस्तर येईल.

खोदाई आकड्यांप्रमाणे बरोबर झालेली आहे, पण अस्तर मात्र काठापर्यंतही पोहोचत नाही, असा प्रसंग यातून उभा राहतो. चरात पुरण्यास वीतभरही अस्तर उरत नाही. पुरलेल्या कडेवाचून ५०० मायक्रॉनचे अस्तरही वाऱ्याने उचलले जाते व पावसाचे पाणी त्याच्यामागे शिरून उताराची माती खचते. कापून जोडलेला माल विक्रेता परत घेईलच असे नाही. चारी कडांना पट्ट्या जोडणे हा एक मार्ग उरतो, परंतु त्यात जादा खर्च होतो व सांधेही वाढतात.

याच्या उलट, खोदाईच कागदावर मोजून झाली तर लांबी, रुंदी व खोली ही तिन्ही मापे सहा टक्क्यांनी घटतात आणि पाणी सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते. या तळ्यात ही तूट सुमारे ३ लक्ष ७० हजार लिटरची आहे. फळबागेला उन्हाळ्यात अखेरच्या पाळ्या देताना ती तीव्रतेने जाणवेल.

छापताना घ्यावयाची दक्षता

१. कागदाचा आकार व प्रमाण आधी निश्चित करावे. ३० मीटरची बाजू १:१०० प्रमाणात ३० सेंटिमीटर होते व ती ए४ कागदावर मावत नाही. १:२०० प्रमाणात ती १५ सेंटिमीटर होते व सहज मावते.

२. ऑटोकॅडमधून छापताना ‘फिट टू पेपर’ ही खूण काढून टाकावी व रेखाटनाचे एकक पाहून प्रमाण स्वतः भरावे.

३. पीडीएफ छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के हा पर्याय निवडावा आणि यंत्रात ए४ कागदाचीच नोंद असल्याची खात्री करून घ्यावी.

४. कोपऱ्यात केवळ ‘१:२००’ न लिहिता ‘ए४ कागदावर १:२००’ असे लिहावे.

५. प्रत्येक नकाशावर कागदावर बरोबर १० सेंटिमीटर भरेल अशी एक आडवी व एक उभी तपासरेघ काढावी. शेजारी मीटरचे भाग पाडलेली मापपट्टीही काढावी. चित्र सर्व बाजूंनी सारखे लहान झाले तर मापपट्टीही तितकीच लहान होते, म्हणून तिच्यावरून घेतलेले अंतर बरोबर येते.

कागद हाती आल्यावर

शेतकरी बंधूंनी नकाशा हाती येताच प्रथम तपासरेघेवर फूटपट्टी ठेवावी. दोन्ही रेघा १० सेंटिमीटर भरल्या तर प्रमाण बरोबर आहे. त्या ९.४ भरल्या तर नकाशा पुन्हा छापून घ्यावा. झेरॉक्स प्रतीची हीच परीक्षा पुन्हा करावी. भ्रमणध्वनीवर आलेल्या नकाशाच्या छायाचित्रावरून पट्टीने माप कधीही घेऊ नये, कारण पडद्यावरील चित्राला ठरावीक प्रमाण नसते.

लिहिलेला आकडा व मोजलेले अंतर यांत फरक आढळल्यास लिहिलेला आकडा ग्राह्य धरावा व आराखडा करणाऱ्याकडून खुलासा करून घ्यावा. आखणी करताना खुंट्या टेपने मोजून रोवाव्यात आणि फक्की मारण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ३० मीटर चौरसाचा कर्ण ४२.४३ मीटर भरला पाहिजे.

प्रमाण अगदी बरोबर असले तरीही कागदावरील माप एका मर्यादेपर्यंतच विश्वसनीय असते. १:२०० प्रमाणात पट्टी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर जमिनीवर ती १० सेंटिमीटर होते. सबब अस्तराची मागणी कागदावरून नोंदवू नये. खोदाई पूर्ण होऊन उतार साफ झाल्यावर एका काठापासून उतारावरून, तळावरून व समोरच्या उतारावरून दुसऱ्या काठापर्यंत टेप सोडावी, दोन्ही दिशांनी मोजावे व चरासाठीचा भाग त्यात मिळवावा. नकाशा खोदाईपूर्वीचा संकल्प दाखवितो, तर अस्तर बसावयाचे असते ते प्रत्यक्ष खोदलेल्या तळ्यात. तपासरेघ मोजण्यास एक मिनिट व तळे मोजण्यास अर्धा तास लागतो. आखूड आलेले अस्तर मात्र तो सबंध हंगाम वाया घालवू शकते.