ध्वनिमुद्रणातला पंच

आधी मुद्रित झालेला ट्रॅक वाजत असताना नेमक्या जागी रेकॉर्डिंग सुरू करणे म्हणजे पंच-इन आणि ठरलेल्या जागी ते थांबवणे म्हणजे पंच-आउट. मधल्या वेळात चुकलेला तुकडा नव्याने गाऊन किंवा वाजवून घेतला जातो. स्टुडिओच्या बोलीत या सगळ्याला नुसता ‘पंच’ म्हणतात. गाणे उत्तम झाले, पण अंतऱ्याची दुसरी ओळ किंचित उतरली, तर तेवढ्याच ओळीचा पंच घेतात. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये, ही एकच अट.

सगळा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी मुद्रित होत, त्या काळात एकाची चूक सर्वांना भोवे. फार तर फीत कापून दोन टेक जोडता येत. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ट्रॅक मिळाल्यावर पंच शक्य झाला, पण त्याआधी एक अडचण दूर व्हावी लागली. टेप यंत्रात फीत ओळीने तीन हेडवरून सरकते: पुसणारा, मुद्रण करणारा आणि ऐकवणारा. जुना ट्रॅक तिसऱ्या हेडवरून ऐकत गायले, तर नवा आवाज दोन हेडमधल्या अंतराएवढा मागे पडतो. अँपेक्स कंपनीच्या सेल-सिंक पद्धतीत मुद्रणाच्या हेडवरूनच जुने ट्रॅक ऐकण्याची सोय झाली. या पद्धतीचे आठ ट्रॅकचे यंत्र 1957 साली गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे पोहोचले.

टेपवरचा पंच मात्र परतीची वाट ठेवत नसे. पुसणारा हेड मुद्रणाच्या हेडच्या आधी येतो. दोन्ही एकाच क्षणी बंद केले, तर मधला फितीचा तुकडा पुसला जातो, पण त्यावर नवे काही उमटत नाही आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून पुसणारा हेड आधी चालू आणि आधीच बंद, हा क्रम यंत्राला सांभाळावा लागे. बाकीचे रेकॉर्डिस्टच्या बोटावर. बटण अर्धा क्षण उशिरा सुटले, तर पुढच्या ओळीचा चांगला गायलेला पहिला शब्दही जाई, आणि तो परत आणण्याचा उपाय नसे.

संगणकाने नेमकी ही भीती काढून टाकली. डिजिटल पंच जुन्या फाइलला हात लावत नाही. नवा आवाज वेगळ्या फाइलमध्ये जातो आणि पडद्यावर जुन्या तुकड्याच्या वर त्याची क्लिप दिसते. अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत कोणती फाइल वाजवायची, एवढीच ती नोंद असते. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमधली क्विकपंच ही सोय आणखी एक पाऊल पुढे जाते. त्या मोडमध्ये प्ले सुरू होताच रेकॉर्डिंगसाठी निवडलेला ट्रॅक मागच्या मागे फाइलमध्ये लिहिला जाऊ लागतो, बटण दाबले असो वा नसो. बटणाने फक्त क्लिपची सुरुवात आणि शेवट ठरतो. त्यामुळे बोट चुकले तरी क्लिपची कड मागे ओढली की आधीचा आवाज उलगडतो. ज्याला पंच म्हणायचे तो आता मुद्रणापेक्षा संपादनाचा निर्णय अधिक आहे, आणि तो नंतरही बदलता येतो.

पंच घेण्याच्या पद्धती सॉफ्टवेअरगणिक नावाने वेगळ्या, कामाने दोनच. एकीत रेकॉर्डिस्ट ऐकता ऐकता हाताने बटण दाबतो. दुसरीत सुरुवात आणि शेवट आधीच खुणा करून ठेवतात. क्युबेसमध्ये हे काम डावे-उजवे लोकेटर करतात, लॉजिकमध्ये ऑटोपंचची पट्टी, तर रीपरमध्ये निवडलेला कालखंड. एकट्याने गाणारा-वाजवणारा दुसरी पद्धतच वापरतो, कारण त्याचे हात वाद्यावर असतात.

खुणेच्या आधी काही सेकंद जुना ट्रॅक वाजू देतात, तो प्री-रोल. नवख्या गायकाला वाटते की तेवढा वेळ गप्प राहायचे. खरे तर आधीची ओळही पूर्ण आवाजात गायची असते. त्याने श्वास, सूर आणि आवाजाची पातळी जुन्या टेकच्या वळणावर येते. मागच्या मागे मुद्रण चालू असेल, तर या गायनात जोडासाठी जास्तीची जागाही मिळते.

कानात काय ऐकू येते, हा यातला नाजूक भाग. ऑटो इनपुट मोडमध्ये खुणेपर्यंत गायकाला जुना ट्रॅक ऐकू येतो आणि खुणेवर त्या ट्रॅकच्या जागी त्याचा चालू आवाज येतो. पण हा आवाज संगणकातून फिरून येतो. सेकंदाला 48,000 सॅम्पल आणि 1,024 सॅम्पलचा बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवणारा कप्पा, असेल, तर एका बफरलाच सुमारे 21 मिलिसेकंद लागतात. जाण्या-येण्याचे धरून हा उशीर 40 मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि गायक लयीत अडखळतो. बफर 128 वर आणला की तोच उशीर एका बाजूला तीनहून कमी मिलिसेकंदांचा होतो. सॉफ्टवेअर मुद्रित आवाज योग्य जागी सरकवते, पण गातानाच्या कानाला त्याचा उपयोग नाही. माइक जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमधूनच आवाज थेट ऐकला, तर उशीर जवळपास संपतो. मात्र खुणेआधी जुना आणि चालू असे दोन्ही आवाज एकत्र कानावर येतात. काही गायकांना हे चालते, काहींचा सूरच बिघडतो.

मग जोड. ध्वनीची लहर मध्येच तुटून दुसऱ्या उंचीवर सुरू झाली, तर टिक् असा आवाज येतो. म्हणून जुना आवाज काही मिलिसेकंदांत उतरवून नवा तेवढ्यातच चढवतात, हा क्रॉसफेड. दोन टेकच्या लहरी एकमेकींशी जुळलेल्या नसतात. दोन्ही मध्यावर निम्म्यावर आणले, तर तिथे पातळी 3 डेसिबलने खचते. ते टाळण्यासाठी मध्यावर दोन्ही सुमारे 71 टक्क्यांवर ठेवणारी वक्र रेषा वापरतात.

क्रॉसफेड कितीही चांगला असला, तरी जागा चुकली तर जोड उघडा पडतो. शब्दात क, त, प यांसारख्या स्पर्शवर्णांच्या आधी तोंडातली हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद होते. ती शांतता जोडाला उत्तम. श किंवा स यांच्या सळसळीतही जोड लपतो. लांबवलेल्या स्वरात, आणि मींड घेताना तर नक्कीच, तो लपत नाही. तबल्यावर बोल पडण्याच्या अगदी आधी कापावे, पण मागच्या बायाची आस तुटणार नाही हेही पाहावे लागते. तरफेच्या तारा असलेले वाद्य याहून अवघड, कारण त्या आधीच्या सुरांनी गुंजत राहतात. यासाठीही प्री-रोलमध्ये वाजवत राहणे भाग असते. गायकाच्या माइकमध्ये खऱ्या तानपुऱ्याचा आवाज शिरला असेल, तर पंचाच्या जागी तानपुऱ्याचे आवर्तनही उडी मारते.

सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचेही काही उरते. दिशा धरणाऱ्या माइकच्या जवळ गेले की खर्ज वाढतो, त्यामुळे माइकपासूनचे अंतर बदलले तर ओळ ओळखू येते. सकाळचा आणि रात्रीचा आवाज जुळत नाही तो नाहीच.

ऑडिओबुकच्या वाचनात पंच-अँड-रोल ही पद्धत चालते. वाचक अडखळला की थांबतो, कर्सर चुकीच्या आधीच्या विरामावर ठेवतो, काही सेकंदांचे जुने वाचन ऐकतो आणि तिथून पुढे वाचत जातो. पंच-आउट नसतेच. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय 2018 साली आली, त्यात प्री-रोल मुळात 5 सेकंदांचा असतो. तास दोन तासांचे वाचन संपते, तेव्हा बहुतेक दुरुस्त्याही संपलेल्या असतात. गद्याला हीच पद्धत सर्वांत सोयीची.

गाण्यात मात्र पंचाला लूप रेकॉर्डिंग हा प्रतिस्पर्धी आहे. तीच ओळ फिरत राहते, टेकवर टेक साठतात आणि नंतर त्यांतले उत्तम तुकडे निवडून एक ओळ बांधतात. 2007 च्या लॉजिक 8 पासून हे काम माउस फिरवून होऊ लागले. सोय मोठी, पण दहा टेक साठवून निर्णय पुढे ढकलण्याची सवयही तिनेच लावली. पंचात ओळ जमली की नाही, हे गायक माइकसमोर असतानाच ठरवावे लागते.

फाइलवरच लिहिणारा जुन्या वळणाचा पंच अजून चालतो तो चित्रपटांच्या अंतिम ध्वनिमिश्रणात. तिथे संवाद, संगीत आणि इफेक्ट यांच्या सलग फाइली हव्या असतात. दुरुस्ती करताना मिश्रक आधी मुद्रित आवाज आणि चालू मिश्रण आलटून पालटून ऐकतो. दोन्हींत फरक जाणवेनासा झाला की तो पंच घेतो.